‘ग्रेड बी, नवशिक्यांना चालेल’

इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या व्हाया फेराटासाठी (कड्यावर कायमची लोखंडी केबल लावलेली चढाईची वाट) ज्या आयोजकाकडे पैसे भरले, त्याच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं: ‘ग्रेड बी, मध्यम, नवशिक्यांना चालेल’. शेजारी ए ते एफ असा तक्ता. तक्ता अस्सल होता. ऑस्ट्रियातली शाल श्रेणी ती. तिच्यात ए सोपा, बी मध्यम, सी अवघड, डी फार अवघड. गोम होती त्या ‘बी’त.

पहिलीच भिंत सरळसोट निघाली. पाय ठेवायला लोखंडी कड्या जवळपास नाहीतच. गुळगुळीत खडकावर बूट टेकवायचे आणि केबल धरून हातांच्या जोरावर चढायचं. केबल रोवलेल्या दर खुंटीपाशी एक कॅराबिनर (आपल्याला केबलशी जोडणारा हूक) काढून पुढे अडकवायचा, मग दुसरा. तेवढा वेळ एका हातावर तोलून राहणं आमच्यातल्या एकीला जमेना, बोटं सुटायला लागली. गाइडने दोर लावून तिला उतरवलं, आम्हीही फिरलो.

पायथ्याशी भेटलेल्या एका जोडप्याच्या इंग्रजी गाइडबुकात त्याच रूटपुढे ‘४बी’ छापलेलं होतं. त्या पद्धतीत १ ते ५ हा आकडा चढाईचा अवघडपणा सांगतो. ए ते सी हे अक्षर धोका सांगतं: रूट किती आडबाजूला, मधूनच बाहेर पडता येतं का, हवा फिरली तर काय. आयोजकाने चार उडवला, बी ठेवला आणि शेजारी भलताच तक्ता चिकटवला. नजरचूक म्हणावी, तर त्याच पत्रकातल्या महागड्या ‘ॲडव्हान्स्ड’ सहलीपुढे आकडा आणि अक्षर दोन्ही शाबूत होते!

म्हणून ग्रेडबरोबर श्रेणीचं नावही लेखी मागा. हुसलर ही आणखी एक श्रेणी के१ ते के६ अशी जाते. फ्रेंच पद्धतीत एफ म्हणजे सगळ्यात सोपा, शालमध्ये एफ म्हणजे सगळ्यात अवघड. आता बोला.

जाब विचारल्यावर आयोजक म्हणाला, ‘‘क्लिप असतंच की, पडलात तरी लटकाल.’’ ही तर शुद्ध थाप. इथे माणूस खालच्या खुंटीपर्यंत घसरत जातो, मग कुठे शॉक ॲब्सॉर्बर (झटका शोषणारी पट्टी) उलगडतो. वाटेत खडक आणि लोखंड लागतं ते वेगळंच.

पैसे परत द्यायला त्याने साफ नकार दिलाय. पत्रकाचा आणि गाइडबुकातल्या पानाचा फोटो जोडून कार्डच्या बँकेकडे तक्रार केली आहे.