बेसबॉल ट्रेड व्हॅल्यूज: महागड्या पिचरचा भाव काढायला कितपत कामाची?

अमेरिकन बेसबॉलमधली जुलैअखेर-ऑगस्ट सुरुवातीची ट्रेड डेडलाइन (टीम्सना आपसात खेळाडू अदलाबदल करायची शेवटची तारीख) जवळ आली की कोण कुठे जाणार यावर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू. बेसबॉल ट्रेड व्हॅल्यूज ही साइट मी भरपूर वापरलीये, ५ पैकी ४ स्टार देईन, एक स्टार कापला तो फक्त म्हाताऱ्या महागड्या पिचर्समुळे (पिचर म्हणजे बेसबॉलचा बॉलर).

हिशोब असा की करारातल्या उरलेल्या वर्षांत खेळाडू मैदानावर किती डॉलरचं काम करेल याचा अंदाज धरायचा, त्यातून त्याचा उरलेला पगार वजा करायचा, जे राहील ती त्याची ट्रेड व्हॅल्यू. आकडा मायनसमध्ये गेला तर करार टीमच्या गळ्यात पडलाय असं समजा. आधी दिलेला पगार कुठेच धरत नाहीत आणि हेच मला सगळ्यात पटतं, कारण "एवढे कोटी दिलेत, आता दोन चांगली पोरं तरी मिळायलाच हवीत" असं बोलणारे फॅन खूप भेटतात, पण समोरची टीम तुम्ही काय दिलंत ते कशाला बघेल, ती बघणार पुढे तिला काय भरावं लागणार ते.

पिचर मॅक्स शर्झरचंच घ्या. न्यूयॉर्क मेट्स टीमने त्याला ३ वर्षांचे १३ कोटी डॉलर दिले, म्हणजे वर्षाला ४ कोटी ३३ लाख, तेव्हाचा रेकॉर्ड. जुलै २०२३ मध्ये तो टेक्सास रेंजर्स टीमला गेला तेव्हा नुकताच ३९ चा झाला होता, मेट्सकडून त्याचा ईआरए (दर ९ इनिंग्जमागे दिलेले रन, जितका कमी तितका चांगला) ४.०१ होता आणि पुढच्या वर्षासकट साधारण ५ कोटी ८० लाख द्यायचे बाकी होते. या वयाचा पिचर एवढ्या पगाराला, नुसता करार दिला असता तर बदल्यात कोणी काही दिलंच नसतं. पण मेट्सने त्यातले साडेतीन कोटींच्या आसपास स्वतः भरले, टेक्सासवर सव्वादोन कोटींच्या आसपास आले आणि बदल्यात लुईसआंखेल अकुन्या मिळाला. म्हणजे मेट्सने शर्झर विकला म्हणण्यापेक्षा रोख पैसे मोजून एक तरुण खेळाडू विकत घेतला असं म्हणा. साइटवरचे आकडे थेट मिलियन डॉलरमध्ये असतात त्यामुळे अशी रोख रक्कम हातानेही पटकन जोडून बघता येते, हे फार सोयीचं आहे. आयपीएल बघणाऱ्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं की खेळाडू गेला तरी त्याचा पगार जुनी टीम का भरतेय, पण इथे सौदा तिथेच ठरतो.

आता कुठे कमी पडते ते. पिचरच्या बाबतीत मधल्या एकाच आकड्यावर सौदा तोलणं मला धोक्याचं वाटतं, कारण खांदा-कोपर टिकला तर एक भाव आणि नाही टिकला तर शून्य, आणि साइट या दोघांच्या मधला आकडा देते जो प्रत्यक्षात क्वचितच येतो. बोस्टनचा पिचर ख्रिस सेल बघा, टॉमी जॉन सर्जरीमुळे (कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन) २०२० पूर्ण गेलं, २०२२ मध्ये जेमतेम ६ इनिंग्ज (एका मॅचमध्येच ९ असतात), बोट मोडलं, मग सायकलवरून पडून मनगट मोडलं. डिसेंबर २०२३ मध्ये बोस्टनने १ कोटी ७० लाख डॉलर सोबत देऊन त्याला अटलांटाला पाठवला आणि तरुण खेळाडू व्हॉन ग्रिसम घेतला. त्या दिवशी हिशोबात तो सौदा अगदी रास्त होता, मी आजही तेच म्हणेन. आणि २०२४ मध्ये सेलने १८ विजय, २.३८ ईआरए, २२५ स्ट्राइकआउट्स, लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्डच नेला! उलट शर्झर, २०२३ ची वर्ल्ड सीरिज (सीझनची फायनल) टेक्सासने जिंकली खरी पण तिसऱ्या मॅचमध्ये तो पाठ धरल्यामुळे ३ इनिंग्जनंतर बाहेर, आणि २०२४ मध्ये फक्त ९ मॅचमध्ये सुरुवातीचा पिचर.

दुसरं म्हणजे टॅक्स. साइटचा आकडा सगळ्या टीम्सना एकच, पण लक्झरी टॅक्सच्या (एकूण पगार ठरलेल्या हद्दीवर गेला की टीमला बसणारा दंड) सगळ्यात वरच्या टप्प्यात असलेल्या मेट्सला पगाराचा १ डॉलर जवळपास २ डॉलरला पडत होता, त्यामुळे तोच करार त्यांना जास्त टोचतो आणि टॅक्सच्या हद्दीखालच्या टीमला कमी. नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड नाही ही अट, तीही आकड्यात दिसत नाही. शर्झरकडे ती होती, त्याने होकार दिला आणि २०२४ चा करारही चालू ठेवायला तयार झाला तेव्हाच गाडी हलली.

तेव्हा पिचरसाठी ही साइट उघडलीत तर शेजारी त्याच्या मागच्या ३ सीझनच्या इनिंग्ज उघडून ठेवा आणि उरलेला पगार कोण किती भरणार हे आधी विचारा, पोरांची नावं नंतर.