हॅलोवीनऐवजी आणलेला खोका: खेळाला पाच तारे, पुस्तिकेला एक

हॅलोवीनला, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागण्याच्या सणाला, ख्रिस्ती पर्याय म्हणून संडे स्कूलसाठी जे तयार संच विकतात, त्यातला एक आमच्या चर्चच्या मंडळीने मागवला. सहा ते दहा वर्षांचा वर्ग माझ्याकडे, म्हणून तो वापरून बघायचं कामही माझ्याकडेच आलं. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, तुम्ही बघा आणि कमिटीला काय ते सांगा.” कमिटीला सांगून झालं. इथे जरा मोकळेपणी लिहिते, कारण विकत घेण्याआधी जे अभिप्राय मी वाचले त्यात ‘मुलांना फार आवडलं, प्रभूची स्तुती असो’ यापलीकडे काही नव्हतं.

खोक्यात पोशाख आहेत: दावीद, एस्तेर, मोशे, एक सिंह आणि बरीचशी मेंढरं. पुठ्ठ्याचे घडीचे भोपळे, त्यात ठेवायचे बॅटरीवरचे दिवे, यरीहोच्या तटासाठी मोठी खोकी, वाटायला सुवार्तापत्रिका (येशूचा संदेश सांगणारी पत्रकं) आणि शिक्षकांसाठी एक पुस्तिका. कापड बरं आहे. सिंहाची आयाळ गळ्याला टोचते, आतून अस्तर लावून घ्या. काही दिवे पेटलेच नाहीत. मेंढराच्या टोप्या एकाच मापाच्या आहेत आणि ते माप कोणाचंच नाही.

यरीहोचा खेळ मात्र उत्तम. मुलांनी खोकी रचायची, गप्प राहून फेऱ्या मारायच्या, सातव्या खेपेला ओरडायचं आणि तट पाडायचा. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली ही गोष्ट मी कित्येक वर्षं तोंडी सांगत आले. ती मुलांच्या अंगात पहिल्यांदाच शिरलेली दिसली. गप्प राहणं हाच त्या गोष्टीतला अवघड भाग आहे, आणि तो सांगून कळत नाही. नुसता हा भाग सुटा विकत मिळाला तर जरूर घ्या.

आता पुस्तिका. माझं सगळं भांडण तिच्याशी आहे.

पहिल्याच पानावर प्रश्न आहे: विश्वासणाऱ्यांनी हॅलोवीन पाळावा का? प्रश्न खरा आहे, आणि पालक तो मला दर वर्षी विचारतात. पुस्तिका त्याचं उत्तर लगेच, ठळक अक्षरांत देते: नाही, कारण हा सैतानाचा वाढदिवस आहे. पुढे येतो इतिहास. सामहेन नावाचा मृत्यूचा देव होता, आयर्लंड-ब्रिटनमधले प्राचीन केल्टिक लोक त्याला माणसं बळी देत, आणि दारोदार खाऊ मागणं हा त्या बळींचाच उरलेला अंश आहे, असं छापलं आहे. सैतानाचा जन्मदिवस पवित्र शास्त्रात कुठे आहे हे विचारायला माझ्या वर्गातलं सहा वर्षांचं मूलही पुरेसं आहे. आणि सामहेन नावाचा कोणताही मृत्यूचा देव नव्हता. तो हिवाळ्याच्या तोंडावरचा आयर्लंडमधला सण होता, सुगी संपल्यानंतरचा. त्याच्याबद्दल जे लिखाण हाती आहे ते बहुतेक मध्ययुगातलं, म्हणजे आयर्लंड ख्रिस्ती झाल्यावर कित्येक शतकांनी लिहिलेलं, आणि तेही प्रामुख्याने मठांमधल्या ख्रिस्ती साधूंनी. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर पुस्तिकेने बळींची वर्णनं लिहिली आहेत, तीही लहान मुलांच्या शिक्षकांसाठी.

31 ऑक्टोबर ही संध्याकाळ कॅलेंडरात मानाची झाली ती चर्चमुळे. सातव्या शतकाच्या सुरुवातीला रोममधलं पॅन्थिऑन हे जुनं देऊळ मरिया आणि हुतात्म्यांच्या नावाने अर्पण झालं, तो दिवस 13 मेचा होता. आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने सेंट पीटरच्या चर्चमध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थान अर्पण केलं, आणि नवव्या शतकात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पश्चिमेकडे पसरला. 31 ऑक्टोबर ही त्याची आदली संध्याकाळ. 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून पुढे आला. इंग्लंडमध्ये त्या दिवसांत गरीब लोक आणि मुलं दारोदार जात, मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात त्यांना गोड भाकऱ्या मिळत. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर आम्हा प्रोटेस्टंटांचा वेगळा वाद आहे, तो असो. पण ती बळीची प्रथा नव्हे. आज दिसते तशी मुलांची खाऊ मागत फिरण्याची चाल तर उत्तर अमेरिकेत 1920 आणि 1930च्या दशकांत रुजली, दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा मंदावली आणि युद्धानंतर पुन्हा जोरात आली. भोपळाही तिकडचाच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरत असत.

हे सगळं मी हॅलोवीनची वकिली करायला सांगत नाही. दुकानांत त्या दिवसांत रक्ताने माखलेले कापलेले हात टांगतात, ते मला नको वाटतं आणि ते माझ्या वर्गात येणार नाहीत. पण नको म्हणण्याचं कारण खरं असावं. दहा वर्षांच्या मुलाला आपण खोटा इतिहास शिकवला, आणि पंधराव्या वर्षी त्याने तो मोबाईलवर तपासला, तर तो आपलं बाकीचं शिकवणंही त्याच तराजूत टाकेल.

पुस्तिकेचा वचनांचा भाग जास्त त्रासदायक आहे, कारण तिथे अर्धं वचन वापरलं आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 18वा अध्याय दिला आहे, ते योग्यच: शकुन बघणं, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं, हे परमेश्वराला किळसवाणं आहे. यावर माझं काही दुमत नाही. पार्टीत कोणी मृतांशी बोलायचा वीजा (Ouija) बोर्ड काढला किंवा गंमत म्हणून भविष्य बघायची टॅरोची पानं मांडली, तर विश्वासणाऱ्याने उठून घरी जावं. त्यानंतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय येतो: प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचेही भागीदार तुम्हाला होता येत नाही. हे एकविसावं वचन. पुस्तिका इथे थांबते. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल थांबत नाही. चारच वचनांनंतर तो सांगतो की बाजारात जे मांस विकतात ते विवेकापायी चौकशी न करता खा, कारण पृथ्वी आणि तिच्यात जे आहे ते प्रभूचं आहे. करिंथातलं बरंचसं मांस देवळांतून, म्हणजे मूर्तींना वाहिलेलं, येत असे. पौलाला ते माहीत होतं. तरी देवळातल्या पंगतीत बसणं आणि बाजारातून मांस आणणं यात तो फरक करतो. प्लॅस्टिकचा वटवाघूळ हे मेज आहे की बाजार, यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत दोन मतं असू शकतात. माझं मत बाजाराकडे झुकतं. पण पालकांना हा प्रश्न तरी दिसायला हवा. पुस्तिकेने तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

आणि पौलाचा दुसरा अर्धा भागही त्यात नाही, जो माझ्यासारख्या ‘चालतं की’ म्हणणाऱ्यांना अडवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई विश्वासात येण्याआधी भविष्य सांगणाऱ्यांच्या आणि मंत्रतंत्रवाल्यांच्या दारात वर्षानुवर्षं बसलेली आहे. त्या भीतीतून ती कशी बाहेर आली ते तिने प्रार्थनासभेत साक्ष देताना सांगितलं आहे. तिच्यासाठी कवटीचा मुखवटा हे खेळणं नाही, आणि होणारही नाही. माझ्या अन्नाने माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं पौल त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. तिचं मूल माझ्या वर्गात असेपर्यंत माझं ‘बाजार आहे’ हे मत मी माझ्या घरात ठेवते. वर्गात मुखवटे नाहीत. हा निर्णय घेताना मला सामहेनचा खोटा देव लागला नाही.

पोशाखांकडे वळू. नियम असा छापला आहे: भूत, चेटकीण, सांगाडा चालणार नाही, फक्त बायबलमधली पात्रं. माझ्या वर्गातली एक मुलगी, शास्त्रपाठाच्या स्पर्धेत नेहमी पहिली येणारी, उठून म्हणाली, “बाई, मी एन-दोरची बाई होऊ? ती बायबलमध्ये आहे.” राजा शौल रात्री वेश पालटून जिच्याकडे गेला आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आणायला सांगता झाला, तीच ही मृतांना बोलावणारी बाई. मागून एका मुलाने यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातल्या खोऱ्यातली वाळलेली हाडं व्हायची तयारी दाखवली. नियमाप्रमाणे दोघंही बरोबर होती. मी दोघांनाही मेंढरू केलं, त्यावर दोघंही रुसली. मुलांना शास्त्र खरोखर वाचायला लावलं की असले नियम टिकत नाहीत. शास्त्रात हाडं आहेत, चेटूक आहे, गल्याथाचं कापलेलं मुंडकं आहे. भीतिदायक गोष्टी आपण लपवल्या म्हणून शास्त्र त्या लपवत नाही. यहेज्केलाची ती हाडं तर शेवटी उठून उभी राहतात, तिथे सांगाडा हा आशेचा धडा आहे. पुढच्या वेळी तो मुलगा हाडं होणार, मी त्याला शब्द दिला आहे.

भोपळ्याचा धडा प्रसिद्ध आहे, बहुतेकांनी ऐकला असेल: देव आपल्याला उचलतो, धुतो, आतला पापाचा गाळ आणि बिया काढतो, हसरा चेहरा कोरतो आणि आत दिवा लावतो. ऐकायला गोड आहे, आणि अंधाऱ्या खोलीत दिवे लागले तेव्हा मुलं खरंच शांत झाली. पण बिया पाप कशा? पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे देवाचं वचन. हे मला एका आठ वर्षांच्या मुलाने सुनावलं. मी धड्यातून बिया गाळल्या, गाळ ठेवला, चाललं.

सुवार्तापत्रिका मी वाटल्या नाहीत. वर ज्वाळा, आत ‘आज रात्री तू मेलास तर?’ असा मथळा. खाऊसाठी दार वाजवणाऱ्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाच्या पिशवीत हे टाकायचं, म्हणे. पुस्तिकेत त्याहून विचित्र दुसरा सल्ला आहे: घरातले दिवे बंद करा आणि चर्चमध्ये या. वर्षभर शेजारी आपल्याकडे यावेत म्हणून आपण प्रार्थना करायची, आणि ते स्वतः मुलांचा हात धरून दारात उभे राहतील त्या एका संध्याकाळी दिवा मालवायचा? ज्यांचा विवेक त्यांना अडवतो त्यांनी दार उघडू नये, त्यांना मी काही म्हणणार नाही. पण ज्यांना अडवत नाही त्यांनी दिवा लावावा, चांगला मोठा खाऊ द्यावा आणि नाव विचारावं. पत्रिका द्यायचीच असेल तर खाऊबरोबर द्या. नुसती पत्रिका दिली तर मूल येशूला चिक्कू समजेल.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे भीती. मुखवटे घातलेली मुलं घाबरत नाहीत, ती खिदळतात. माझ्या वर्गात कोणी घाबरलं असेल तर पुस्तिकेतली ‘त्या रात्री दुष्टात्मे मोकळे फिरतात’ ही गोष्ट सहशिक्षिकेने वाचून दाखवली तेव्हा. एका मुलीने विचारलं की मग त्या रात्री येशू कुठे असतो. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वधस्तंभाने सत्ताधीशांना, म्हणजे अदृश्य दुष्ट शक्तींना, उघड पाडल्याचं लिहिलं आहे. ते वचन पुस्तिकेत कुठेच नाही. सैतानाला वर्षातली एक रात्र बहाल करणारं साहित्य ख्रिस्ती कसं म्हणावं, हे मी कमिटीलाही विचारलं. उत्तर अजून यायचं आहे.

ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाचं एक पान आहे, त्यात हातोड्याचं चित्र (त्याने आपले मुद्दे चर्चच्या दारावर ठोकले, अशी गोष्ट सांगतात). 31 ऑक्टोबर 1517 या तारखेचं महत्त्व मुलांना सांगायला जागा तिथे होती: ल्यूथरने त्या दिवशी माइन्त्झच्या आर्चबिशपला पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध पत्र लिहिलं, आणि 95 मुद्दे सोबत पाठवले. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा दिवस होता, विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये संतांचे अवशेष बघायला लोक येत. हातोडा मात्र मुलांना फार आवडला.

1 नोव्हेंबरबद्दल खोक्यात एक ओळही नाही. म्हणून तो भाग मी स्वतः जोडला: इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय (जुन्या विश्वासवीरांची यादी), मग स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, ज्याने शहाऐंशी वर्षं आपण ज्याची सेवा केली त्या राजाची, म्हणजे ख्रिस्ताची, निंदा करायला नकार दिला, आणि 203 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या रिंगणात विश्वासापायी एकत्र मेलेल्या पर्पेतुआ आणि तिची सोबतीण गुलाम फेलिसिटी. पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेली टिपणं आजही वाचता येतात, आणि तिचं मूल तेव्हा अंगावर पीत होतं. मोठ्या मुलांनी हे यरीहोपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. मृत्यूबद्दल बोलायला मुलं आपल्याइतकी लाजत नाहीत.

घ्यावा का? पंधरा-वीस मुलांचा वर्ग आणि हाताशी दोन मदतनीस असतील तर घ्या. पुस्तिकेतली फक्त खेळांची आणि गाण्यांची पानं ठेवा. पत्रिका रद्दीत टाका, जास्तीच्या बॅटऱ्या आणून ठेवा, आणि मागवायचा तर सप्टेंबरातच मागवा, कारण आयाळीला अस्तर लावायला आणि टोप्या उसवून पुन्हा शिवायला महिला मंडळाला वेळ लागतो.