ट्रॅक्टरच्या फोकसचे ब्रॅकेट : रंगाखाली माझी कशी फसवणूक झाली, सगळ्यांनी वाचा

शेतकरी भावांनो, ट्रॅक्टरला रात्रीच्या कामासाठी एलईडी फोकस बसवायचा विचार चालू असंल तर आधी हे वाचा, थोडं लांब झालंय पण पैशापेक्षा जीवाचा प्रश्न हाय म्हणून सगळं सविस्तर लिहायलोय.

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात दिवसा नांगरट करणं लई अवघड, पारा ४२-४३ च्या पुढं जातो, ड्रायव्हर पण टिकत नाही आणि इंजिन पण गरम होतं, त्यामुळं संध्याकाळी जे सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. माझा ट्रॅक्टर घरच्या रानासोबत भाड्यानं पण चालतो, त्यावरच घर चालतं. कंपनीच्या लाईटीत मागचा पल्टी नांगर धड दिसत नाही, नांगराचं तास (सरी) कुठं चाललंय कळत नाही, म्हणून मागं मडगार्डवर दोन आणि पुढं टपाच्या (वरच्या छताच्या) पाईपला दोन असे चार फोकस बसवायचे ठरवले. बाजारात रेडीमेड क्लॅम्प मिळतात पण ते आमच्या टपाच्या पाईपला बसंनात, म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार चालू हाय.

त्याच्याशी बोलणं एकदम क्लिअर झालं होतं. ५० बाय ५ ची पट्टी (५० एमएम रुंद, ५ एमएम जाड), कोपऱ्यात तिकोनी सपोर्ट, दोन्ही बाजूनं फुल वेल्डिंग, वरून पावडर कोटिंग, फोकस ४८ वॅटचे, आणि वायरिंग रिले (बटणावर भार न येऊ देणारा स्विच) आणि फ्यूज टाकून. सगळं मिळून साडेआठ हजार, त्यातले पाच हजार आधीच घेतले. बिल मागितलं तर म्हणला, "मालक, काम झाल्यावर पक्कं बिल देतो, आपलं दुकान कुठं पळून चाललंय का." जालन्याचा नवा माल लावतो म्हणून दुकानातली कोरी पट्टी पण काढून दाखवली. दाखवलेली पट्टी खरंच ५ एमएमची होती. लावली ती वेगळीच.

ब्रॅकेट हातात आले ते रंगवूनच, काळे चकचकीत, वेल्डिंगची जागा अशी गुळगुळीत की बघणाऱ्यानं कौतुक करावं. पावडर कोटिंग नव्हतंच ते, डब्यातला साधा रंग होता, पण नवीन असताना ते लवकर ओळखू येत नाही. उरलेले पैसे मोजून घेतले आणि बिलाचं म्हणलं की "मशीन बंद हाय, पुढच्या वेळी आलात की घ्या."

मग एका रात्री रोटाव्हेटर चालू असताना मागचा उजवा ब्रॅकेट वेल्डिंगच्या मानेतून तुटला. ट्रॅक्टरवर माझा धाकटा भाऊ होता. फोकस वायरीला लोंबकळून खाली गेला, फिरत्या पीटीओ शाफ्टच्या (इंजिनाच्या ताकदीवर मागचं अवजार फिरवणारा दांडा) पार जवळ, आणि त्या ओढाताणीत भोकाच्या धारेवर घासून वायरीचं आवरण फाटलं आणि शॉर्ट झालं. फ्यूज टाकतो म्हणला होता तो टाकलेलाच नव्हता, वायर थेट बॅटरीवरून आणली होती, त्यामुळं ती जळत जळत पुढं डॅशबोर्डापर्यंत गेली. भावानं खाली उडी मारून बॅटरीचं टर्मिनल उपटलं म्हणून ट्रॅक्टर वाचला. फोकस त्या शाफ्टमध्ये गुंतला असता आणि वायर ओढायला कुणी हात घातला असता तर काय झालं असतं, हे आजपण डोक्यातनं जात नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही.

सकाळी उजेडात तुटलेला तुकडा घासला. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली, तीच जी गाडीच्या डेंटवर भरतात. लांबी खरवडली तर आत फुल वेल्डिंग नाहीच, दोन टोकाला दोन टाके, मधी सगळं मोकळं. तिकोनी सपोर्ट नुसता चिकटवलेला. आणि पट्टीवर आमच्या काळ्या रंगाखाली जुना हिरवा रंग आणि गंज, म्हणजे कुठल्यातरी मोडक्या गेटची पट्टी कापून लावलेली. व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावला तर २.८ एमएम!

माझा भाचा पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकतोय, त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी गप्पच झालो. ५ ची पट्टी ३ ची झाली म्हणजे थोडीशी कमी झाली असं आपल्याला वाटतं, पण वाकायला विरोध करायची क्षमता जाडीच्या घनानं कमी होते, म्हणजे साडेचार पट कमी, आणि ताकद वर्गानं, म्हणजे जवळपास पावणेतीन पट कमी. वरून फोकसचं वजन पट्टीच्या टोकाला, खाली काळ्या रानातली ढेकळं, दणके बसून बसून वेल्डिंगच्या मानेलाच चीर पडणार. तुटणार हे ठरलेलंच होतं, फक्त कधी तेवढाच प्रश्न.

व्हर्निअर सगळ्यांकडं नसतो, पण वजनकाटा प्रत्येक किराणा दुकानात हाय. लोखंडाचं वजन खोटं बोलत नाही. ५० बाय ५ ची पट्टी एका मीटरला जवळपास १ किलो ९६० ग्रॅम भरते आणि ५० बाय ३ ची १ किलो १८० ग्रॅम. माझ्या एका ब्रॅकेटला साधारण ६० सेंटीमीटर पट्टी लागते, म्हणजे वजन पावणेबाराशे ग्रॅमच्या आसपास पाहिजे, भरलं सातशेला. रंग आणि लांबी धरून सातशे! अजून एक, काही जण एमएमच्या ऐवजी सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ एमएमच्या जरा वर. "दीड-दोन सुती लावतो" असं मोघम बोलला की त्याला एमएममध्येच लिहून द्यायला लावायचं.

फोकसचं पण तसंच. बॉक्सवर ४८ वॅट छापलेलं, पण ऑटो इलेक्ट्रिशियननं मीटर लावला तर एक फोकस दीड अँपिअर पण घेईना. १२ व्होल्टला दीड अँपिअर म्हणजे १८ वॅट. खरा ४८ वॅटचा असंल तर ४ अँपिअरच्या जवळपास घ्यायला पाहिजे. छापलेल्या आकड्याला काही अर्थ नाही, पैसे द्यायच्या आधी दुकानातच मीटर लावून दाखवा म्हणायचं, दोन मिनिटाचं काम हाय.

जाब विचारायला गेलो तर पहिलं वाक्य, "तुम्ही खड्ड्यात जोरात घातला असणार." नंतर म्हणला फुकट वेल्डिंग मारून देतो, आणि तुटलेला तुकडा ठेवून जा म्हणला. तुकडा अजिबात द्यायचा नाही हे ध्यानात ठेवा, तोच पुरावा हाय. मी फोटो, व्हर्निअर लावलेला व्हिडिओ, काट्यावरच्या वजनाचा फोटो आणि फोन पेचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवलंय. बिल नसलं तरी ऑनलाईन पेमेंटची नोंद राहते, म्हणून अशा ठिकाणी रोख देऊच नका. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला तक्रार टाकली. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग हाय, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो म्हणजे धंदा, म्हणून ग्राहक नाही, असं तो मला दुकानात ऐकवत होता, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्यानं ग्राहकच धरतात.

आता परत करून घेतलं ते दुसऱ्याकडं, आणि पट्टी मीच हार्डवेअरमधून वजनावर आणून दिली. वेल्डिंग झाल्यावर रंगाच्या आधी ब्रॅकेट बघितले, हातोडी मारून बघितले, मग रेड ऑक्साइड आणि रंग घरीच मारला. दुसरा मिस्त्री स्वतःच म्हणला की कोऱ्या वेल्डिंगला बघू द्यायला कशाची लाज, त्याच्याकडं परत जाणार. बोल्ट डोक्यावर ८.८ (मजबुतीचा ग्रेड) लिहिलेले घेतले, नट नायलॉकचे (दणक्यानं ढिले न होणारे), ब्रॅकेट आणि मडगार्डच्या मधी रबराची पट्टी. चार फोकसचे मिळून १६ अँपिअर होतात, म्हणून मेन वायर अडीच स्क्वेअर एमएमची, ४० अँपिअरचा रिले, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० चा फ्यूज. वायर जिथं भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट. पहिल्या फॅब्रिकेशनवाल्यानं ब्रॅकेट बसवताना ट्रॅक्टरवरच उभं राहून वेल्डिंग मारलं होतं, बॅटरी न काढता, त्यानं अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात, तेपण बघून घ्या. ज्यांच्या ट्रॅक्टरला कंपनीचा रोलबार हाय त्यांनी त्याला भोक पाडू देऊ नका की वेल्डिंग मारू देऊ नका, ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारा तोच, त्याला यू क्लॅम्पच लावा. आणि मागचे फोकस रोडवर बंद ठेवा, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काहीच दिसत नाही.

हे गावात सांगितल्यावर अजून दोघं निघाले, दोघांची कामं त्याच दुकानातली. एकाचा फवारणी पंपाचा स्टँड, तो तुटला तरी नुकसान पैशाचंच. दुसऱ्यानं मात्र ट्रॉलीचा हुक करून घेतलाय आणि त्याच हुकावर ऊस भरलेली ट्रॉली ओढतो. आम्ही त्याच्या अंगणात बसून ग्राइंडर मारला, रंगाखाली तीच लांबी निघाली. त्यानं ट्रॉली तिथंच सोडली. तुमच्यापैकी कुणी कुठल्याही दुकानातून रंगवलेला हुक, जॅकचा स्टँड किंवा टपाचा सांगाडा आणला असंल तर ट्रॅक्टर रोडवर काढायच्या आधी वेल्डिंगची जागा घासून बघा, आणि आत लांबी निघाली तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा, आमच्या तक्रारीला जोडता येईल.