बेडिंगच्या नावाखाली गाडीची पुट्टी भरून दिली, नागपूरच्या शूटर्सनी वाचा

मित्रांनो, माझ्यासोबत झालं ते सांगून राहिलो, कारण हाच माणूस आणखी दोघांकडे जाऊन आला असं आता कळलं.

माझ्याकडे लाकडी स्टॉकची (दस्त्याची) .२२ रायफल आहे, ५० मीटर प्रोनला, म्हणजे पोटावर झोपून नेम मारायच्या प्रकाराला वापरतो. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिमीचं, ॲक्शन (गोळी भरून उडवायचा धातूचा भाग) लाकडात नीट बसली नसेल तर दर गोळीला जरा वेगळी बसते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, फाटतो. माझा ५ गोळ्यांचा ग्रुप २५ मिमीच्या खाली येतच नव्हता, गोळ्यांचा लॉट बदलून पाहिला, स्क्रू कसून पाहिले. मग ओळखीतून एक जण भेटला, म्हणे भाऊ इपॉक्सी बेडिंग (ॲक्शन आणि लाकडामधली फट इपॉक्सीने भरून ती घट्ट बसवणं) आणि ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूच्या भोकात लाकडाच्या आरपार बसवायच्या नळ्या), सगळे मिळून १८ हजार. १० हजार ॲडव्हान्स दिले. बिल मागितलं नाही, रिपेअरचं लायसन आहे का तेही विचारलं नाही. ही चूक माझीच.

आधी म्हणाला फक्त लाकूड द्या, रायफल तुमच्याजवळच राहू द्या, म्हणून मला तो चांगला वाटला. दोन दिवसांनी स्टॉक घेऊन घरी आला, स्क्रूच्या भोकात चकचकीत कडी दिसत होती, म्हटलं पिलर पडले. मग माझ्यासमोर डब्यातून करडा लगदा काढला, ट्यूबमधलं हार्डनर कालवलं, ॲक्शनला मेण चोळून दाबून बसवली आणि पाऊण तासात बाहेरही काढली. इथेच मला कळायला पाहिजे होतं! बेडिंगचं इपॉक्सी साधारण एक दिवस तरी तसंच ठेवावं लागते, पाऊण तासात दगड होते ती गाडीच्या डेंटिंगची पुट्टी. वासही गॅरेजचाच येत होता आणि मी चहा करून देत होतो.

एप्रिलमध्ये ग्रुप १८ मिमीवर आला, मी खुशीत उरलेले ८ हजार देऊन टाकले. मग आपला मे महिना, ४५ डिग्री, लाकूड सुकलं, आणि जुलैच्या पावसात तेच लाकूड फुगलं. ग्रुप थेट ४० मिमी, तेही एका बाजूला सरकलेला, आणि ट्रायल तोंडावर. ट्रायल गेली.

रेंजवरच्या एका सीनियर काकांनी उघडून दाखवलं. पुट्टीला तडे, नखाने चुरा निघत होता. पिलर नव्हतेच, भोकाच्या तोंडाशी नुसता वॉशर चिकटवलेला, खालचं लाकूड स्क्रूने चेपलेलं, म्हणून कितीही कसा, स्क्रू सैलच. बॅरल एका बाजूने लाकडाला टेकत होती, साधी दहाची नोट मधून सरकत नव्हती. काकांनी एक बोट बॅरल आणि स्टॉकच्या फटीवर ठेवून स्क्रू सैल करायला लावला, ॲक्शन उचललेली बोटाला कळली. चांगल्या बेडिंगमध्ये ती हलल्यासारखी वाटतच नाही.

२०२४ ला स्वप्नील कुसळेने पॅरिसला ब्रॉन्झ घेतलं तेव्हापासून आमच्या इथली पोरंही ५० मीटरचं विचारतात, कोणी जुनी रायफल घेते, आईबाप पैसे जमवून देतात, त्यांच्यासाठी जीव तुटतो. बाप्पा, पिलर लाकडाच्या आरपार आहे का ते पाहा, इपॉक्सीचा सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला लावा, आपल्याच रायफलवर, एकाच लॉटच्या गोळ्यांनी आधीचा आणि नंतरचा ग्रुप मारून मगच पूर्ण पैसे द्या. आणि आर्म्स ॲक्टप्रमाणे बंदूक रिपेअर करायला लायसन लागते, ते आधी पाहा.

तो फोन उचलत नाही, उचलला तर सोमवारी येतो म्हणते. पुट्टीचा चुरा आणि ते दोन वॉशर मी डब्बीत ठेवले आहेत, ज्याला पाहायचे त्याने रविवारी सकाळी रेंजवर भेटा, दाखवतो.