सोलर बसवून चौदा महिने झाले, आता खरं काय ते लिहितो

घर सोलापुरात, गच्ची सगळी मोकळी, आणि ऊन आमच्याकडं नको म्हटलं तरी घरात येतं. तरी सोलरची तीन वर्षं नुसती चर्चाच चालू होती. मग एका मे महिन्यात एसी, कूलर, बोअरची मोटर सगळं मिळून ४,६०० बिल आलं आणि वडील म्हणाले, बोलव त्या माणसाला.

३ किलोवॅटची ऑनग्रिड सिस्टीम (म्हणजे लाईटच्या लाईनला जोडलेली, बिनबॅटरीची) घेतली, ५४० वॅटचे सहा पॅनल. खर्च १,९५,०००, त्यातले ७८,००० केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेच्या सबसिडीचे परत आले. म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, त्याच्या पुढं कितीही लावा सबसिडी तेवढीच. पण पैसे आधी आपण पूर्ण भरायचे, सबसिडी नंतर खात्यात येते, तेवढी सोय करून ठेवा. आणि सबसिडीसाठी पॅनल आणि त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेलेच लागतात, डीसीआर म्हणतात त्याला, ते महाग पडतात, त्यामुळं कोणी फारच स्वस्त कोटेशन दिलं तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आमची गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर! आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली, बिल भरतोय ना मग कशाला बदलायचं म्हणून कोणी हातच लावला नव्हता. नाव बदलण्यात महिना गेला. तुमचं बिल आजच काढून बघा.

आता फायदा. आधी वर्षाचं सरासरी बिल महिन्याला २,६०० च्या आसपास पडायचं, आता बहुतेक महिने दीडदोनशे, कारण युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. उन्हाळ्यात दिवसाला १४ युनिट होतात, जुलैत ढग आले की कधी ४ वर येतात. पण दुपारचं जास्तीचं युनिट नेट मीटरमधून ग्रिडला जातं आणि रात्री आपण वापरलं की त्यातून वजा होतं, शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, त्यामुळं पावसाळाही निघाला. मार्चअखेर मात्र हिशोब मिटतो आणि उरलेल्या युनिटला फार कमी भाव मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून वीज विकून पैसे कमवू असलं डोक्यात असेल तर काढून टाका. आमचे पैसे चार वर्षांत वसूल होतील असं दिसतंय, पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची आहे, सोलर इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) त्याहून बरीच कमी.

सगळ्यात जास्त बोलणी मी कशावरून खाल्ली सांगू? लाईट गेली की सोलरपण बंद! बसवल्यावर चौथ्याच दिवशी भर दुपारी दोन वाजता लाईट गेली, आई पदरानं वारा घेत म्हणाली, अरे डोक्यावर एवढं ऊन आहे आणि पंखा का बंद? मला आधी माहीत होतं पण घरच्यांना सांगायचं राहिलं होतं. खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्याकडून करंट गेला तर त्याचा जीव जाईल ना, म्हणून सोलर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. बॅटरीवाली सिस्टीम घेतली तर चालतं पण खर्च बराच वाढतो. आम्ही जुना बॅटरी इन्व्हर्टर तसाच ठेवलाय.

बसवणाऱ्यांचं काम चांगलं, दोन दिवसांत सगळं फिट, अर्थिंग आणि लायटनिंग अरेस्टरही (आकाशातली वीज पडली तर बचाव म्हणून) न सांगता केलं. पॅनलखालचं लोखंडी स्ट्रक्चर ते तीन फुटांचं देत होते, मी १४,००० जास्त देऊन आठ फूट करून घेतलं, खाली गच्ची वापरता येते. सर्व्हिसला मात्र फोन उचलत नाहीत, किती युनिट झाले ते दाखवणारं ॲप बंद पडलं तेव्हा माणूस यायला तीन आठवडे लागले. एक स्टार त्याचा कापला, पाचपैकी चार.

पॅनल दर पंधरा दिवसांनी धुवायचे, सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी वापरू नका, पांढरे डाग पडतात, मी दोन महिने तेच केलं आणि मग कापडानं घासत बसलो. आणि आईची अजून एक तक्रार आहे, पॅनलखाली सावली पडते त्यामुळं यंदा कुरडया शेजारच्या काकूंच्या गच्चीवर वाळत घातल्या. त्या काकूंनी परवा कोटेशन मागवलंय, आईला अजून सांगितलं नाही.