अठरा ट्यूबांचा जलरंग संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलीच्या इंटरमीजिएट परीक्षेसाठी घेतलेला हा विद्यार्थी श्रेणीचा संच गेले आठ महिने मीच अधिक वापरला. वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, सहज पसरतो, पॅलेटवर वाळलेला रंग ओल्या ब्रशने पुन्हा सुटतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच ट्यूबबद्दल, सेरुलियन ब्लूबद्दल.

या निळ्यात जे मिसळावे ते खडूसारखे होत असे. भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा मिळावा म्हणून त्यात लेमन यलो घातला, तर दुधाळ, निर्जीव रंग हाती आला. दोन महिने मी कागदाला दोष देत राहिलो आणि ३०० जीएसएमचे महागडे कागद वाया घालवले. शेवटी भिंग घेऊन ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा नावापुढे ‘ह्यू’ आणि खाली पीबी १५ व पीडब्ल्यू ६ हे रंगद्रव्यांचे क्रमांक दिसले. म्हणजे कोबाल्ट आणि कथिल यांच्या संयुगापासून बनणारे खरे सेरुलियन आत नव्हतेच. थॅलो निळ्यात टायटॅनियमचा पांढरा घालून केवळ त्याची छटा साधलेली होती. जलरंगात पांढरेपणासाठी आपण कागद कोरा राखतो. तोच पांढरा न सांगता प्रत्येक मिश्रणात उतरावा, याचा मला मनस्वी संताप आला. उघडलेली ट्यूब परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला.

मात्र त्याच बारीक अक्षरांनी संचाविषयीचे माझे मत पुढे बदलले. उरलेल्या ट्यूब तपासल्यावर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकेकाच रंगद्रव्याचे निघाले. अल्ट्रामरीनचा कल तांबड्याकडे असल्यामुळे क्रिमसनबरोबर त्याचा स्वच्छ जांभळा होतो. व्हर्मिलियनबरोबर मात्र तो मळतो, कारण व्हर्मिलियनमधली पिवळसर झाक जांभळ्याला मारते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्यातून पावसाळी ढगांचा जो करडा मिळतो, त्याला तोड नाही: निळा वाढवला की तो थंड होतो, सिएना वाढवला की ऊबदार. तेव्हापासून काळ्या रंगाची ट्यूब मी उघडलेली नाही.

हा संच संपल्यावर पुन्हा अठरा ट्यूबांवर पैसे घालणार नाही. अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, लेमन यलो, क्रिमसन आणि बर्न्ट सिएना अशा पाचच सुट्या ट्यूब, प्रत्येकीवर एकच क्रमांक असल्याची खात्री करून घेईन. सेरुलियन टाकून देववत नाही. धुक्यातल्या दूरच्या डोंगररांगांना तो दुधाळपणा चालतो, म्हणून तिथे वापरून ती ट्यूब संपवतो आहे.