दमसास कमवायचा तर ठोके खरे मोजले जावेत : पोलर एच-१० छातीपट्टा, नऊ महिन्यांनंतर

लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी दमसास कमवायचा असेल, तर सरावाचा बराच मोठा भाग हृदयाच्या ठरावीक ठोक्यांच्या आत, म्हणजे सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सावकाश धावून करावा लागतो, हे कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे येणाऱ्या बहुतेक धावपटूंना आता ठाऊक आहे. अडचण असते ती ठोके मोजण्याची. गेल्या ऑक्टोबरपासून मी आठवड्यातून पाच दिवस पोलर एच-१० हा छातीवर बांधायचा पट्टा वापरतो आहे आणि माझे मत असे, की या पद्धतीच्या सरावात बुटांनंतरचा पहिला खर्च याच वस्तूवर व्हावा.

त्याआधी पूर्ण पावसाळाभर मी एका मनगटी घड्याळावर विसंबून धावलो. पदपथ उद्यानाकडून संध्यामठाच्या बाजूला जाताना श्वास अगदी शांत असायचा, पण घड्याळावर १७२ ठोके दिसायचे. मी निमूटपणे चालू लागायचो. असे कित्येक आठवडे गेल्यावर एके दिवशी पावले मोजली, तेव्हा तीही मिनिटाला १७२ भरली आणि घड्याळ हृदयाचे ठोके सोडून पावलांची लय मोजत होते, हे लक्षात आले. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या प्रवाहातील चढउतार टिपतो. हाताच्या हेलकाव्याने त्या प्रकाशात जी लय उमटते, तीच कधीकधी ठोके म्हणून धरली जाते. घाटात चढताना हेच घड्याळ उलट १३० दाखवायचे, आणि मला तर बोलायलाही श्वास पुरत नसे. जोरात पळण्याच्या सरावात अशी चूक एक वेळ खपून जाते, कारण तिथे शरीरच आपल्याला सांगते. सावकाश धावण्यात मात्र आठ-दहा ठोक्यांच्या फरकाने सरावाचा हेतूच बदलतो.

छातीचा पट्टा हृदयाच्या स्नायूतून निघणारा विद्युत संकेत थेट पकडतो, त्यामुळे हाताच्या हालचालीचा त्याच्याशी संबंध येत नाही. एच-१० च्या पट्ट्याला आतून सिलिकॉनचे बारीक ठिपके आहेत. त्यांमुळे घाम आला तरी तो खाली घसरत नाही. ब्लूटूथ आणि अँट प्लस या दोन्ही बिनतारी मार्गांनी तो माहिती पाठवतो, म्हणून जुने घड्याळ टाकून द्यावे लागले नाही. आता ते फक्त आकडा दाखवण्याचे काम करते. चढ सुरू झाला की काही सेकंदांतच ठोके वर सरकताना दिसतात, उतारावर तसेच खाली येतात. हातात खरा आकडा आल्याचे समाधान मला पहिल्याच आठवड्यात मिळाले.

मात्र आकडा खरा असला तरी मर्यादा कुठे आखायची, हे पट्टा सांगत नाही. माझे वय ४२. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या १८० वजा वय या सूत्राने माझी वरची मर्यादा १३८ येते. २२० वजा वय या जुन्या सूत्राने कमाल ठोके १७८ येतात. फिनलंडचे शास्त्रज्ञ मार्टी कार्वोनेन यांच्या पद्धतीने त्यातून सकाळी उठल्यावरचे माझे ६२ ठोके वजा केले, उरलेल्या ११६ चे ६० ते ७० टक्के काढले आणि ते पुन्हा ६२ मध्ये मिळवले, तर सावकाश धावण्याची कक्षा १३२ ते १४३ ठोके अशी निघते. पण वाघबीळहून पन्हाळ्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर पूर्ण जोर लावून पाहिला, तेव्हा माझे कमाल ठोके १८६ पर्यंत गेले आणि तीच कक्षा १३६ ते १४९ अशी वर सरकली. सूत्रे सरासरी माणसासाठी असतात, आपण त्या सरासरीत बसूच असे नाही. ही चाचणी चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि रक्तदाबासाठी ठोके कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी ही सूत्रे वापरूच नयेत. मी स्वतः १४० ही मर्यादा धरली.

पहिले दोन महिने मन कठोर करावे लागले. नोव्हेंबरमध्ये १३८ ठोक्यांवर माझा एक किलोमीटर ८ मिनिटे २० सेकंदांत होत होता, आणि पन्नाशीतली माणसेही बाजूने पुढे जात होती. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे तर ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही आठवड्याला १०० मैलांचा पाया घालत असे, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. आपल्या तालमीतले वस्तादही पोराला आधी महिनोन्महिने जोर-बैठका मारायला लावतात, डाव मागाहून शिकवतात. सावकाश धावण्यात स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे आणि पेशींतील ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, दर ठोक्याला हृदय अधिक रक्त ढकलू लागते आणि इंधन म्हणून चरबी जास्त वापरली जाते. हे बदल सावकाशच होतात. फेब्रुवारीच्या अखेरीस, तितक्याच गार पहाटे आणि त्याच फेरीवर, १३८ ठोक्यांवर किलोमीटरला ७ मिनिटे १५ सेकंद लागले.

त्याहून मोलाची वाटली ती दुसरी एक नोंद. सुरुवातीला दीड तास एकाच वेगाने धावलो, तर पहिल्या अर्ध्या भागात सरासरी १३६ आणि दुसऱ्यात १४८ ठोके पडत; मार्चमध्ये हेच आकडे १३७ आणि १४१ झाले. वेग तोच असताना ठोके किती वर सरकतात, यावरून पाया किती पक्का झाला हे कळते, आणि पट्ट्याशिवाय मला हे कधीच दिसले नसते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ही सरक पुन्हा वाढली. त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते आणि घामाने शरीरातले पाणी कमी होते, म्हणून उन्हाळ्याच्या नोंदी हिवाळ्याच्या नोंदींशी ताडून पाहू नयेत.

कोरड्या त्वचेवर छातीचा कोणताही पट्टा पहिल्या काही मिनिटांत भलतेच आकडे दाखवू शकतो, म्हणून घरातून निघतानाच त्वचेला टेकून संकेत टिपणारा इलेक्ट्रोडचा भाग पाण्याने ओला करावा. एच-१० ला पडदा नाही, तेव्हा घड्याळ किंवा मोबाइल सोबत लागतोच. आठवड्यातून दोनदा तीन-चार किलोमीटर धावणाऱ्याने हा खर्च करू नये. बोलता येते की नाही, एवढी कसोटी त्याला पुरेशी आहे. अर्धमॅरेथॉनची किंवा पन्हाळ्याच्या घाटाची तयारी करणाऱ्याने मात्र नवे घड्याळ घेण्याचा विचार बाजूला ठेवून आधी हा पट्टा घ्यावा.

आता पुन्हा पावसाळा आहे, आणि आपल्याकडे जुलैत रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही. धावून आल्यावर सेन्सर पट्ट्यापासून लगेच सुटा करावा, कारण ओल्या पट्ट्यावर तो चालूच राहतो आणि बॅटरी संपते. बॅटरी सीआर २०२५ प्रकारची, नाण्याएवढी असते. कंपनी ४०० तासांचा हिशेब देते आणि ती घरीच बदलता येते. पट्टा वाहत्या पाण्याखाली धुऊन पंख्याखाली पसरावा. मी एक जादा पट्टा घेतला असून दोन्ही आलटून पालटून वापरतो, त्यामुळे पहाटे पाचला ओलसर, घामट वासाचा पट्टा छातीवर बांधण्याची वेळ या वर्षी अजून आलेली नाही.